काळ्या कपाटातला उजेड

चंदगडची बाई कामाला आली आणि त्याच आठवड्यापासून माझे बोर्ड नापास व्हायला लागले. मी तेव्हाच मनात गाठ मारून ठेवली.

आमचं वर्कशॉप हातकणंगल्याकडच्या रस्त्याला आहे. उपग्रहावर बसवायच्या एका यंत्रासाठी तिथं सेन्सरचे बोर्ड तपासतात. साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की आभाळातून डोळ्यांना न दिसणारे कण सारखे येत असतात. यंत्रात काचेसारखी एक वडी असते. कण तिच्यातून गेला की इतकी बारीक चमक उठते, की तिच्यापुढं काजवासुद्धा सूर्य. ती चमक टिपायचं काम सेन्सरचं. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळलं, की सेन्सरला अंधारात ठेवायचं आणि तिथं त्यानं गप्प बसलं पाहिजे.

त्यासाठी खोलीत एक काळं लोखंडी कपाट आहे. बोर्ड आत जोडायचा, दार घट्ट लावायचं आणि बाहेरच्या पडद्यावर आकडा बघायचा. अंधारातही थोडा आकडा येतोच, उकाड्यात जरा जास्त येतो. पण ठरल्यापेक्षा वर गेला की पडदा तांबडा होतो.

सकाळी कपाट माझ्याकडं, जेवणानंतर तिच्याकडं. माझ्या वेळेला तांबडा, तिच्या वेळेला हिरवा. मी नापास म्हणून बाजूला ठेवलेला बोर्ड तिनं दुपारी लावला की पास!

"मावशी, पिना नीट बसत नाहीत तुमच्याकडून," साहेब म्हणाले. "असंच चाललं तर पॅकिंगला पाठवावं लागेल."

पॅकिंगच्या हॉलमध्ये दिवसभर आरडाओरडा आणि चेष्टामस्करी. मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. तपासणीच्या खोलीत कुणाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून तर मी इथं टिकले. ती खोली गेली तर मला नोकरीच सोडावी लागली असती.

चंदगडची माझ्या उलट. "आक्का, माझ्या हातालाच गुण हाय बघा," म्हणायची आणि खदाखदा हसायची. मला वाटायचं, ही माझ्या मागं काहीतरी करते. मी तिच्या पिशवीकडं बघायची, हातांकडं बघायची. तिनं गावाकडचे काजू दिले, ते घरी नेऊन तसेच ठेवले. खाल्ले नाहीत.

एका सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती टेबलावरच्या दिव्याखाली हात धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मग तिनं कपाट उघडलं आणि हात पार आत, वायरींच्या मागं घातला. झाडू आणायला ती मागच्या दारानं गेली, तशी मी आत शिरले.

वायरींच्या मागं बोटाएवढा प्लास्टिकचा मारुती होता. पांढरट. मुठीत घेऊन फटीतून बघितलं तर हिरवा उजेड. रेडियमचा होता, जत्रेत मिळतो तसला.

"घावला व्हय?" ती मागं उभी होती.

माझा आवाज कधी नव्हे तो चढला. "माझं काम घालवायला ठेवतीस होय गं?"

"आवं आक्का, मी कशाला घालवू? साहेबांनी भितीवरचा देवाचा फोटू काढला. उदबत्ती न्हाय, दिवा न्हाय, धूळ हुती म्हणत्यात. बिनदेवाची खोली मला बघवना. ह्यो रोज सकाळी लाइटीखाली धरला की बिनदिव्याचा उजळतोय, म्हणून आणला. बोर्ड पार आभाळात जायचं हाईत. सोबत नगं व्हय त्यास्नी?"

"मग तुझे पास आणि माझे नापास, ते कसं?"

"मला काय म्हाईत? मारुतीला इचारा की!"

तेवढ्यात साहेब आले. बोर्डाशिवाय काही आत ठेवलं तर घरी पाठवीन, हे त्यांनी दोघींना बजावलं होतं. मी मारुती त्यांच्या टेबलावर ठेवला.

"कुणाचा?"

"माझा हाय," ती म्हणाली. "मला काढायचं तर काढा, पर देवाला काय बोलू नगा."

साहेबांनी मारुती मुठीत धरला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग हसलेच. म्हणाले, रेडियम दिव्याखाली उजेड पिऊन घेतो आणि हळूहळू सोडत राहतो. सकाळी भरलेला असतो, दुपारपर्यंत विझून जातो. म्हणून सकाळचे बोर्ड नापास. त्यांनी स्वतः बोर्ड जोडला, मी दार लावलं. पडदा हिरवा.

मला वाटलं, आता ते मला, तुमची चूक नव्हती, असं काहीतरी म्हणतील. "चला, लागा कामाला," एवढंच म्हणाले. मारुती तिच्या डब्याच्या पिशवीत गेला. तिला कुणी काढलं नाही आणि माझ्या पॅकिंगचं नावही पुन्हा निघालं नाही.

तरी मनात एक राहिलंच. रोज सकाळी मला बोलणी बसत होती, ते चंदगडची ऐकत होती. तिला खरंच काही कळलं नसेल?

आता बोर्ड जोडायच्या आधी मी ट्यूब बंद करते, कपाटात डोकं घालते आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबते.

"बघा आक्का, नीट बघा," ती मागून म्हणते. "आज अख्खी वानरसेना बसवलीया आत."

"तुझ्यावर नाही गं माझा संशय," मी म्हणते आणि डोकं आणखी आत घालते.