पुरुषोत्तमने यादी नीट लावली

पुरुषोत्तम गांगलने आयुष्यभर पूल बांधले आणि आयुष्यभर आवराआवर केली. वेस्ट विंडसरच्या त्याच्या घरात मसाल्याच्या डब्यांवर लेबलं आहेत आणि गराजमध्ये स्क्रू मापाप्रमाणे बाटल्यांत भरलेले आहेत. आम्ही दोघं एकोणसत्तर साली एकाच आठवड्यात मायदेश सोडून या देशात आलो, मी डॉक्टर आणि तो इंजिनिअर. एवढ्या जुन्या ओळखीच्या हक्काने सांगतो, माणूस लाख मोलाचा, पण महाहट्टी.

त्याचा एकुलता एक मुलगा मिहीर २००५ साली पीएच.डी. अर्धवट सोडून दूर प्लेनो शहरात गेला, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत. पुरुषोत्तमने फोनवर त्याला विचारलं, एवढं शिकवलं ते खेळणी करायला का? मिहीरने फोन ठेवला. पुढे दोन वर्षं त्याचे फोन आले ते फक्त आईला. मालिनीवहिनी स्वयंपाकघरात बोलत असायच्या आणि हा बाहेर पेपर उघडून बसायचा. पान काही उलटायचा नाही. मी किती वेळा म्हटलं, तूच कर की फोन. त्याचं उत्तर ठरलेलं, करून बोलू काय?

२००७च्या वसंतात तो रिटायर झाला आणि एके दिवशी मिहीरच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर लावून बसला. मुलगा करतो तरी काय, हे बघायचं होतं. मला अर्थातच सांगितलं की हार्ड डिस्क तपासतोय.

त्यात मिहीरचा कॉलेजातला एक खेळ होता. तलवारी, जंगलं, खेडी असलेलं एक भलंमोठं जग. त्या खेळात हौशी लोक आपापली भर घालतात, कुणी नवी घरं, कुणी नवं हवामान. त्याला मॉड म्हणतात. मिहीरने असे एकशे बारा मॉड गोळा केले होते आणि ते सांभाळायला एक मॉड मॅनेजर होता, म्हणजे सगळ्यांची यादी ठेवणारा प्रोग्रॅम. त्यातला एक मॉड खुद्द मिहीरचा होता. मूळ खेळात नदीला मोठा वळसा घालून पलीकडच्या गावी जावं लागे, तिथे त्याने दगडी पूल टाकला होता.

पुरुषोत्तम रोज सकाळी तो पूल ओलांडू लागला. खांब बारीक आहेत, पुरात टिकायचे नाहीत, असं मला ऐकवायचा. पण ऐकवताना त्याचा चेहरा पाहायला हवा होता. दोन वर्षांत मुलाबद्दल इतकं तो कुणाशीच बोलला नव्हता.

आणि मग त्याने गांगलपणा केला. ती यादी त्याच्या डोळ्यांना खुपत होती, कसलाही क्रम नाही, सगळी सरमिसळ. दोन दुपारी खपून त्याने एकशे बाराही नावं ए टू झेड लावली. तिसऱ्या दिवशी खेळ उघडला तर पूल गायब. नुसती नदी वाहत होती, आणि जरा पुढे गेलं की खेळ बंद पडत होता.

त्या यादीला क्रम होता, फक्त तो नावांचा नव्हता. दोन मॉड एकाच जागेला हात घालत असतील, तर यादीत जो खाली, त्याचं चालतं. नदीचं पाणी सुंदर करणारा कुणाचा तरी मॉड मिहीरने विचार करून पुलाच्या वर ठेवला होता. पुरुषोत्तमच्या वर्णानुक्रमात तो खाली गेला आणि पूल पुसला गेला. जुना क्रम कुठे लिहिलेला नव्हता. तो फक्त मिहीरच्या डोक्यात होता.

तीन आठवडे पुरुषोत्तम वही घेऊन झगडला. वजन उतरलं, वहिनींचा मला फोन आला. शेवटी एका शनिवारी दुपारी त्याने मला बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत स्पीकर चालू करून प्लेनोला फोन लावला. मी शेजारी बसून होतो. नंबर दाबताना त्याचं बोट दोनदा चुकलं.

मिहीरने सगळं ऐकून घेतलं. तिथूनच बघतो म्हणाला, आणि काय काय क्लिक करायचं ते सांगितलं. जरा वेळाने स्क्रीनवरचा बाण आपोआप हलू लागला, मिहीर तो तिकडून हलवत होता.

"बाबा, डोन्ट टच द माऊस, ओके?"

"नाही लावत हात."

बाण झरझर यादीवरून फिरत होता, नावं उचलत होता, खाली ठेवत होता. पुरुषोत्तम त्याच्याकडे असा बघत होता की मीच नजर वळवली.

"अल्फाबेटिकली कुणी लावलं हे?"

"मीच. म्हटलं, तुझ्या खोलीतलं आवरावं जरा."

बाण पुढचं नाव उचलू लागला. पंचवीस मिनिटांत काम झालं. फोन केला होता तो एवढ्याच कामासाठी, आणि तेही संपलं. आता मिहीर फोन ठेवेल, अशी मला भीती वाटली.

"डन, बाबा. आता क्रॅश नाही होणार. मी डिस्कनेक्ट करतो."

"थांब," पुरुषोत्तम म्हणाला. "तुझा बाण राहू दे थोडा वेळ."

"व्हाय? सगळं फिक्स झालंय."

"हो रे. पण तू घरात आल्यासारखं वाटतंय. फार आठवण येते तुझी."

"आहे मी," मिहीर म्हणाला.

बाण स्क्रीनच्या मधोमध येऊन थांबला. पुरुषोत्तम दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसला होता, चुकूनही माऊसला लागू नयेत म्हणून.