दुसरीच्या पाटावरचा उखाणा

माझी मुलगी त्या भूमिकेसाठी तीनदा ऑडिशनला गेली होती. सिनेमा हॉलिवुडचा, शूटिंग लंडनबाहेरच्या स्टुडिओत, आणि नायिका चक्क मराठी, पुण्याहून इथल्या हॉस्पिटलात आलेली डॉक्टर. शेवटच्या फेरीत दोघीच उरल्या, तेव्हा तिनं लंडनच्या ईलिंगहून मला फोन केला, इथेच वाढलेल्या पोरीच्या, सगळं पुल्लिंगी करणाऱ्या मराठीत. "आई, हा मला मिळणार." मग पंधरा दिवस चिडीचूप.

भूमिका एका गोऱ्या नटीला गेली. नायिकेचे वडील आता इंग्रज झाले होते. आई तेवढी मराठी ठेवली होती, तीही पहिल्याच प्रसंगात वारलेली. एजंटनं मुलीला कळवलं की तुझं काम अप्रतिम होतं, पण पडद्यावर ओळखीचा चेहरा हवा. मुलगी रडली नाही, तिनं फक्त ऑडिशनचे कागद रिसायकलिंगच्या डब्यात टाकले. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. मिल्टन कीन्सच्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, मी वीस वर्षं रिसेप्शनवर काढली आहेत. गोड बोलून माणसाला ताटकळत ठेवणं मला जमतं, पण माफ करणं कधीच जमलेलं नाही.

आणि देवानं त्या सिनेमावाल्यांना माझ्याच दारात आणून सोडलं. सिनेमातल्या लग्नाच्या प्रसंगासाठी रीतीभाती सांगणारी बाई हवी होती, म्हणून त्यांनी आमच्या महाराष्ट्र मंडळात विचारलं. मंडळात कुणाचंही लग्न ठरलं की नवरीचा उखाणा मी रचते, त्यामुळे माझाच नंबर दिला गेला. मुलीनं नाटकांसाठी वेगळं आडनाव घेतलंय, तेव्हा आमचं नातं त्यांना कळणं शक्य नव्हतं. मी सांगितलंही नाही. कामावर रजा टाकली आणि गेले.

नटी स्वभावानं चांगली होती, याचा मला जास्तच राग आला. तिला उन्हात रापल्यासारखा रंग फासला होता. मी शालू नेसवत असताना ती मला सारखी थँक यू म्हणत होती. दिग्दर्शकाला लग्नात 'काहीतरी पारंपरिक' हवं होतं. मी म्हटलं, आमच्यात नवरी उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते, मी लिहून देते. सिनेमातला नवराही डॉक्टरच होता, आणि उखाणा तयारच होता. आदल्या दिवशी मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटांना गाडीनं प्रदक्षिणा घालता घालता मी तो जुळवला होता.

दुसरीच्या पाटावर बसले, दुसरीचा शालू नेसून,
डॉक्टररावांचं नाव घेते, दुसरीचं कुंकू पुसून.

भर मांडवात कुणी असं बोललं तर बायका कानांवर हात ठेवतील. इंग्रजीत मी त्यांना सांगितलं, 'मंगल पाटावर बसले, लग्नाचा शालू नेसले, पतीच्या नावानं कुंकू लावते.' दिग्दर्शकानं छातीवर हात ठेवला आणि किती सुंदर म्हणाला. एवढ्या मोठ्या सेटवर मराठी समजणारी मी एकटीच होते, आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारून बघावं असं कुणालाही सुचलं नाही. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की घरी जाऊन मी श्रीखंड केलं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नाही. नटीला ते उच्चार जमले नाहीत. शूटिंग झाल्यावर काही महिन्यांनी मुलीचा फोन आला. "आई, त्याच फिल्मवाल्यांचा मेसेज आहे. माझी ऑडिशन लक्षात होती त्यांच्या. दोन मराठी लाइन्स डब करायच्या, फक्त आवाज हवाय. जाऊ का?"

मी तिला अडवू शकले असते. पण अडवायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि मग ती सगळं थांबवायला लावेल अशी मला भीती होती. शिवाय खोटं कशाला बोलू, जिचा पाट हिसकावला तिच्याच तोंडून ते शब्द निघणार म्हणून मी खूश होते. "जा की," मी म्हटलं.

सिनेमा लागला तेव्हा मंडळाच्या आम्ही तीसेक जणांनी लेस्टरच्या थिएटरात लागून लागून सीट घेतल्या. मुलगी माझ्या शेजारी होती. उखाणा आला. खाली माझंच ते गोड इंग्रजी भाषांतर, आणि वर गोऱ्या चेहऱ्यातून माझ्या लेकीचा स्वच्छ आवाज. आमची अख्खी रांग हसत सुटली. मागची एक काकू तर खोकेपर्यंत हसली. बाकीचं थिएटर वळून आमच्याकडे बघायला लागलं. इतक्या दिवसांत मला असा गाढ आनंद झाला नव्हता. त्यांची जिरली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी मुलीकडे वळले नाही.

कार पार्कमध्ये ती गाडीत बसली, पण गाडी सुरू केली नाही.

"तूच लिहिलंस ना ते?" तिनं विचारलं.

"हो. तुला अर्थ कळला होता?"

"रेकॉर्डिंगलाच कळला. दुसरी म्हणजे मी. तिथे मी कोणाला सांगितला नाही."

"मग बरं झालं की. कशी जिरवली त्यांची."

तिनं सीटबेल्ट लावला. "आई, मी ते जोक म्हणून नाही म्हटला. त्यांनी तिसरा टेक घेतला. मी डोळे बंद केला आणि नवरीसारखा म्हटला, खरंच लग्नात बसल्यासारखा. त्या अख्ख्या रोलमधला तेवढाच मला मिळाला होता. मला वाटलं, एक लाइन तरी नीट करायचा." मग तिनं किल्ली फिरवली. "आणि तुम्ही सगळे हसलात."