हात लावल्याशिवाय सही नाही

काका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत ठोकायचे, चहा नंतर. बोट वाकवून दोनदा टकटक, मग भिंतीला कान, मग "हं". हा "हं" आखूड असला तर भिंत ठीक. लांबला, तर घरमालकाची झोप उडालीच समजा. आमच्या सौ.ने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, हे घर विकत घ्यायला आलेत आणि मी तिला सांगितलेलं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. नसेल तर शोधून ठेवा, कधीतरी लागतोच.

आमची बिल्डिंग इकडे हिंदी मुलखात, अवधपुरीत. मी मूळ इंदूरचा आणि इथला सेक्रेटरी, म्हणजे कुणाच्याही नळाचं पाणी गेलं की शिव्या खाणारा. काका पुण्याकडचे. इथल्या मोठ्या कारखान्यात बॉयलर तपासण्यात त्यांचा जन्म गेला. आमचं "वो क्या है ना काका" ऐकलं की म्हणायचे, "आधी एक भाषा पूर्ण करा." बॉयलर स्वतः तपासल्याशिवाय त्यांनी कधी कागद पुढे सरकवला नाही. वरचे साहेब घाई करायचे, तेव्हा उत्तर ठरलेलं, "हात लावल्याशिवाय सही नाही."

बिल्डिंगचा ताबा घेऊन सात वर्षं होत नाहीत तोच खांबांना भेगा पडल्या, जिन्यात ओल आली, छताचे पोपडे ताटात पडू लागले. एम. पी. नगरातल्या बिल्डरच्या ऑफिसात आम्हाला थंड पाणी आणि "देख लेंगे" एवढंच मिळायचं.

आम्हाला नुसती दुरुस्ती हवी होती. काकांना मात्र घाई होती. काकूंना विसर पडू लागला होता आणि डॉक्टर म्हणाले होते की तो वाढतच जाणार. मुलगी पुण्याला. मागच्या खेपेला ती आली तेव्हा काकूंना तिला ओळखायला अर्धा तास लागला. लेकीची ओळख पुसायच्या आत काकूंना तिच्या शेजारी नेऊन ठेवायचं, एवढंच काकांना हवं होतं. त्यासाठी हे घर विकायला हवं होतं, कारण सगळी पुंजी त्यातच अडकलेली.

गिऱ्हाइकं यायची. काका त्यांना हॉलच्या आधी भेगा दाखवायचे. तीन गिऱ्हाइकं पळाली. शेवटी मी म्हटलं, काका, पुट्टी भरा, रंग मारा, विका आणि सुटा. सगळे हेच करतात.

"मग त्या छताखाली कोण झोपणार?" त्यांनी विचारलं.

खरं सांगतो, मला रागच आला. स्वतःची बायको हातातून निसटतेय आणि हा माणूस परक्याच्या झोपेची काळजी करतोय.

काका पुट्टी लावू देईनात, म्हणून मग बिल्डरवर ग्राहक आयोगात केस. बिल्डरचा वकील म्हणे, भेगा नुसत्या प्लास्टरच्या आहेत, त्या काही वाढत नाहीत. काकांनी प्रत्येक भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी चिकटवली आणि खाली तारीख घातली. भेग वाढली की काच तडकते. महिन्या-महिन्याला एकेक काच तडकत गेली. त्या काचा म्हणजे आमचा सगळा पुरावा.

आयोगाने पाहणीसाठी इंजिनिअर पाठवायचं ठरवलं आणि इथे मी माती खाल्ली. काका दोन दिवस काकूंना घेऊन इस्पितळात होते. सरकारी माणूस दारी येणार आणि जिना हा असा? मी अशोका गार्डनमधून पेंटर आणला. त्याने काचा खरवडून काढल्या, भेगा बुजवल्या आणि जिना, खांब सगळं पिस्ता रंगात न्हाऊ घातलं. बायकांनी रांगोळ्या काढल्या. मी तर समोसेही सांगून ठेवले होते. पाहुणा येणार म्हटलं की घर आवरायचं, एवढीच आमची अक्कल. सोळा घरांतल्या एकालाही शंका आली नाही.

काका परत आले आणि जिन्यापाशी थबकले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बॉयलर चकचकीत दिसला की मला जास्त भीती वाटायची," एवढंच म्हणाले आणि काकूंचा हात धरून वर गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. बिल्डरचा वकील जिन्यातून हात मागे बांधून फिरत होता, लग्नघरातल्या व्याह्यासारखा. आमच्या वकिलाने मला बाजूला घेऊन सुचवलं, सांगून टाका की रंग बिल्डरच्याच माणसांनी मारला. मी तयारही झालो होतो. तेवढ्यात काका पुढे आले.

"रंग आम्ही मारलाय. काचा आम्हीच काढल्या. चूक आमची, तसंच लिहा," ते म्हणाले. "आता माझ्या घरी चला. तिथं रंग नाही."

आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. काकांनी बेडरूममधला पलंग सरकवला आणि छिन्नी-हातोडी इंजिनिअरच्या हातात दिली. मी फोडलं तर उद्या म्हणतील यानेच बिघडवलं, तुम्ही फोडा, असं त्याला सांगितलं. चार घावांत छताचं प्लास्टर खाली आलं. आत सळई होती, पण कसली सळई! पापुद्रे सुटलेली, गंजून काडीएवढीही उरली नव्हती.

"हात लावा," काका म्हणाले. इंजिनिअरने लावला, मी लावला. बिल्डरच्या वकिलालाही लावावा लागला आणि त्याच्या बोटांना लाल चुरा लागला. दारातून काकू विचारत होत्या, कोण आलंय हो?

जे घर विकायचं होतं, त्याच्याच छताला काकांनी भोक पाडून घेतलं होतं. निकाल लागेपर्यंत ते तसंच राहिलं. दोघं हॉलमध्ये झोपायची. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, प्रायश्चित्त म्हणा हवं तर. काका लेकीचा फोटो काकूंपुढे धरायचे आणि नाव विचारायचे. कधी यायचं. कधी काकू माझ्याकडेच बघत बसायच्या, मी सांगेन म्हणून. मला तिथून पळावंसं वाटायचं.

निकाल आमच्या बाजूने लागला. माझ्या रंगाचाही त्यात उल्लेख होता, आमच्याच कबुलीसकट. बिल्डरला खांब, छतं सगळं नव्याने दुरुस्त करावं लागलं. काका रोज कामगारांच्या उरावर उभे असायचे. मग उज्जैनचे एक मास्तर घर बघायला आले. काकांनी त्यांना जुन्या भेगांचे फोटोसुद्धा दाखवले. मास्तर म्हणाले, एवढं सांगणारा माणूस खोटं विकणार नाही, आणि तिथल्या तिथे व्यवहार ठरला.

स्टेशनवर मी त्यांचं सामान चढवलं. तोंडाने "बरं झालं, बरं झालं" म्हणत होतो. मनात म्हणत होतो, हरलो असतो तर हा माणूस इथंच राहिला असता. असा नीचपणाही मनात येतो, काय करणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी जिन्यात होतो.

"पोचलो," काका म्हणाले. "लेक दारातच उभी होती. मी काही बोलायच्या आत हिनं तिला हाक मारली. नावानं."

मग "ठेवतो" म्हणाले.

मास्तर अजून राहायला यायचे होते, वर दाराला कुलूप होतं. मी पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. सेक्रेटरीनं जिन्यात रडू नये, असा आमच्या सोसायटीत काही नियम नाही.