कुपी कोणाची

माझी आई भांडुपच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या शेजारी बसून मी मोठी झाले. कल्ला उचलून मासा ताजा आहे का ते बघितल्याशिवाय गिऱ्हाईक पापलेटाचा भाव विचारत नाही, हे रोज बघितलं. त्यामुळे कुणी मला काही फार आनंदाने दाखवलं की मी आधी कल्ला शोधते. मॅडमनी ती बाटली दाखवली तेव्हाही तसंच झालं.

मुलुंडच्या कॉलेजात मी मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होते. बाटलीत, अल्कोहोलमध्ये, अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावरचा हायड्रॉइड होता. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोहिमेवरून आणलेला. दिसायला तुळशीच्या वाळक्या काडीसारखा. कुणीही त्याला झाड म्हणेल, पण ती प्राण्यांची वसाहत. काडीच्या दोन्ही अंगांना एकाआड एक बारीक पेले आणि प्रत्येक पेल्यात तोंड असलेला एक जीव. सगळे आतल्या एकाच नळीने जोडलेले, एकाने खाल्लं की बाकीच्यांना पोचतं. काही जीव मात्र खातच नाहीत. ते कुपीत, म्हणजे काडीवरच्या बारीक बाटलीसारख्या कोशात बसून फक्त पिल्लं वाढवतात.

वर्गीकरणाचा सगळा झगडा या कुपीवर. आमच्या काडीचे पेले एका जुन्या, माहीत असलेल्या प्रजातीशी तंतोतंत जुळत होते. कुप्या जुळत नव्हत्या. जुन्या प्रजातीची कुपी गुळगुळीत असते, आमच्या कुप्यांवर आडव्या वळ्या होत्या. म्हणजे नवी प्रजाती. मॅडम लवकरच निवृत्त होणार होत्या, आणि आयुष्यभर हायड्रॉइड बघूनही त्यांच्या नावावर एकही नवी प्रजाती नव्हती.

मला त्या कुप्या पटेनात. सगळ्या एकाच फांदीवर, तेही खालच्या बाजूला, ओळीने. वरच्या फांद्या मोकळ्या. शिवाय त्यांच्या बुडाशी काडीवरून केसाएवढी एक रेघ सरपटत गेलेली. एका हायड्रॉइडवर दुसरा येऊन वाढतो, त्याचे पेले झडून जातात, आणि कुप्या व त्यांना जोडणारी मुळासारखी बारीक नळी तेवढी मागे राहते, असं होतं. खात्री करायची तर ती फांदी आडवी कापायची आणि बघायचं, कुपीची नळी काडीच्या नळीत उघडते की नाही.

मी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू. दुसऱ्या दिवशी बाटली त्यांच्या कपाटात आणि किल्ली पर्समध्ये. मागितली की कधी परीक्षेचं काम, कधी अंगात कसकस. माझं डोकं फिरलं. यांना कळलंय, आणि या तसंच छापून मोकळ्या होणार. माझंही नाव त्यात जाणार आणि उद्या कुणी ती फांदी कापली की वाट माझी लागणार. लॅबमधल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुला ना, देवाच्या प्रसादातपण काटा सापडेल." मग मी कुणाशीच बोलले नाही. मॅडमनी डब्यातला लाडू पुढे केला तरी हा कशाबद्दल, असं मनात यायचं.

एका दुपारी लॅबमध्ये गेले तर मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या. शेजारी ब्लेड आणि काचेच्या ताटलीत फांदीचे तुकडे. त्यांनी उठून मला जागा दिली. काडीची भिंत अखंड होती, कुठे भोक नाही. कुपी उघडत होती ती त्या बाहेरून सरपटणाऱ्या रेघेत. वरून येऊन बसलेल्या पाहुण्याची कुपी होती ती. आमची काडी जुन्याच प्रजातीची.

माझं खरं ठरलं होतं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. तरी तोंडातून गेलंच, "मॅडम, मग इतके दिवस कपाटात का ठेवली?"

त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"मला पहिल्याच दिवशी ती रेघ दिसली होती गं," त्या म्हणाल्या. "पण कापेपर्यंत ती नवी होती ना."