मारुतीपुढे ठेवलेले प्लग

आमचे चॅम्पियन, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मोटारसायकलच्या शर्यतीतच गेले आणि मारुतीवरचा माझा विश्वास उडाला. प्रत्येक शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दादा गाडीचा स्पार्क प्लग काढून वाडीच्या मारुतीच्या पायाशी ठेवत आणि सकाळी तोच लावून निघत. एवढं करूनही देवानं त्यांना राखलं नाही. तरी दर पुण्यतिथीला आम्ही चाहते तिथं जमायचो, आपापले प्लग देवापुढे ठेवायचो आणि सूर्य मावळेपर्यंत एकही गाडी सुरू करायचो नाही. मी जायचो तो दादांसाठी. मूर्तीकडे बघतही नसे.

एका वर्षी भर दुपारी शेजारीण धापा टाकत देवळात आली. माझ्या लहान मुलीला तापात आकडी आली होती. आमची भाड्याची खोली जवळच, मी धावत जाऊन तिला उचलून आणलं. पण पुजारी गाभाऱ्याला कुलूप लावून जेवायला गेलेले. प्लग आत आणि एवढ्या गाड्या बाहेर ढिम्म उभ्या. मित्र पुजाऱ्यांना शोधायला पळाले. अमरावती रोडवरचे ट्रक हात करूनही थांबेनात. पोरीचे डोळे फिरले होते. त्या बंद दारापुढे मी मटकन बसलो आणि म्हणालो, बाबा रे, मला काही सुचत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून आला. दादांची पुण्यतिथी इथंच असते ना, असं विचारत त्यानं प्लग काढायला पाना हातात घेतला आणि माझ्या मांडीवरची पोर पाहिली. पाना परत खिशात गेला.

“बसा गा भाऊ मागं.”

“तुमचा प्लग देवाले ठेवायचा राहिला ना,” मी भांबावून म्हणालो.

“देव कुठं पळून राहिला? पोरीले घट्ट धरा.”

सीताबर्डीच्या दवाखान्यापर्यंत मी सारखा तिच्या नाकाशी बोट नेत होतो. इंजेक्शननंतर बऱ्याच वेळानं ती रडली, आणि मीही. बाहेर येऊन बघतो तर तो माणूस निघून गेलेला. नाव विचारायचंही भान राहिलं नव्हतं.

मारुतीच आला, असं मी म्हणत नाही. यायला उशीर झालेला दादांचा एखादा चाहता असेल. पण त्याला नेमक्या त्या घटकेला कुणी आणलं, ते मला कळत नाही, आणि दादांना का नेलं याचा जाबही मी आता मागत नाही. पुण्यतिथीला सगळ्यांचे प्लग आत जातात. माझी गाडी तेवढी प्लगसकट, रस्त्याकडे तोंड करून उभी असते. ती कुणाला लागेल ते मारुतीलाच ठाऊक. मी किल्ली हातात धरून त्याच्यासमोर बसून राहतो.