शेपटाकडून पहिला नंबर

आमचे दाजी सरकारी वकील. कोर्टात सगळे त्यांना मागून तारीखराव म्हणत, कारण अडचण आली की दाजी घसा खाकरून पुढची तारीख मागत. माणूस अभ्यासू, पण जज्जानं भुवई उचलली की जिभेला कुलूप. त्या वर्षी लागोपाठ तीन खटले हातचे गेले होते. वरच्या साहेबांनी सांगूनच टाकलं, "चौथा हरलात तर सरकारी वकिली खुंटीला टांगा आणि भाडेकरार लिहीत बसा."

चौथा खटला निवडणुकीच्या नियमाचा. मतदानाची वेळ संपली की रांगेत उभ्या असलेल्यांना अधिकारी नंबराच्या चिठ्ठ्या देतो, म्हणजे त्यांचं मत बुडत नाही. पण चिठ्ठ्या वाटायच्या शेपटाकडून. सगळ्यात शेवटच्याला एक नंबर, मग पुढं पुढं यायचं. थोडक्यात पडलेल्या एका उमेदवारानं हा नियमच रद्द करा म्हणून दावा ठोकला होता.

दाजींनी चाळीस पानी युक्तिवाद लिहिला. ताई म्हणाली, "अहो, कोण ऐकणार एवढं? मला मागणी घालताना दोन वाक्यांत आटोपलं होतंत. त्यातही एका वाक्यात मुदत मागितलीत."

सुनावणीला मी दाजींची पिशवी धरून गेलो. समोरचा वकील लोण्यात सुरी फिरवावी तसा बोलत होता. "मॅडम, सगळ्यात उशिरा आला त्याला पहिला मान! उरफाटा कारभार. सरळ पुढून वाटा ना."

जज्जबाईंनी पेन खाली ठेवलं. "मलाही तसंच वाटतंय. सरकारी वकील, शेपटाकडूनच का?"

दाजींनी पानं उलटली. कायदा कधी झाला, कुणी दुरुस्त केला, सगळं होतं. नेमकं एवढंच नव्हतं. दाजींनी घसा खाकरला.

"तारीख मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "इथंच रांग लावा. हे म्हणतात तशा पुढून वाटा. काय बिघडतं ते बघू दे मला."

झालं! दहा जण दारापर्यंत उभे केले. मी चौथा. बाईंनी घड्याळ बघितलं, "वेळ संपली." दाजी कागदाचे कपटे फाडत, नंबर घालत, सही करत निघाले. कपाळाचा घाम टिपत दारापाशी पोचले, दहावी चिठ्ठी दिली, तर पुढं आणखी हात पसरलेले. अकरावा, बारावा. तेरावे एक म्हातारे गृहस्थ, काखेत छत्री.

"काका, तुम्ही कुठले?"

"शेजारच्या कोर्टात आलोय. रांग दिसली, उभा राहिलो. काय मिळतंय?"

त्यांच्यामागून एक बाई ओरडली, "अहो, मागं अजून दोघं आहेत, पुरवून वाटा!"

सगळं कोर्ट हसलं. जज्जबाईंनी तोंडापुढं फाईल धरली. आणि दाजींच्या जिभेचं कुलूप एकदम निघालं.

"मॅडम, हेच ते! पुढून वाटत बसलो तर मी वाटत राहीन आणि रांग वाढत राहील. शेवटच्या माणसाला आधी चिठ्ठी दिली, की त्याच्यामागं येईल त्याला कळतं, दार बंद झालं. मत सगळे उभे आहेत त्याच क्रमानं देतात, मान कुणाचा जात नाही. एक नंबर म्हणजे नुसतं कुंपण."

समोरचा वकील अर्धा उठला, छत्रीवाल्या काकांकडं बघितलं आणि खाली बसला.

"नियम कायम. दावा फेटाळला," बाई म्हणाल्या. "आणि बाहेरच्या दोघांना काही मिळत नाही म्हणून सांगा."

बाहेर येऊन दाजी पहिल्या दिसलेल्या बाकावर धपकन बसले. "जरा थांब रे." साहेबांचा फोन आला, तो बसूनच घेतला. नुसतं "हो साहेब, हो साहेब" म्हणत होते, पण प्रत्येक हो मागच्यापेक्षा मोठा.

घरी ताई दारातच उभी होती. आमची तोंडं बघून तिनं खांदे सैल सोडले.

"मग, त्या चाळीस पानांचा उपयोग झाला म्हणायचा."

"झाला की," दाजी कोट काढत म्हणाले. "फाडून चिठ्ठ्या केल्या."