छोटी मॅडम दहा मोजायची

या, जवळ सरकून बसा. दारातूनच परत फिरायची खोड लागली आहे तुम्हाला! आज दुसऱ्या कोणाची चुगली नाही, माझीच सांगते.

एंटरची कळ दाबायच्या आधी आमच्या कॉलेजातली ती पोरगी बोट तसंच हवेत धरायची अन् म्हणायची, "आधी सांगा, मंग दहा मोजा."

दोन हजार सालच्या आसपासचं हे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या कॉलेजात सोळा जुने कॉम्प्युटर तारांनी जोडले होते. उकव्याकडच्या डोंगरात पावसाचं पाणी कुठं मुरतं, हे एकच मोठं गणित सगळे मिळून करायचे. त्यांना सांभाळायची मी. पुस्तक वाचून, चुका करून शिकलेली. काम थांबवायचं तर एकेका मशीनपुढे जाऊन थांबवायची. गुडघे दुखायचे, पण मान होता.

मग किरनापूरहून ही आली, माझ्या निम्म्या वयाची. एका जागी बसून सोळाही मशीनवरच्या कामांच्या गटाला एकच सिग्नल पाठवायची. आधी मऊ सिग्नल, म्हणजे हातातलं लिहून ठेवा अन् थांबा. दहा मोजूनही कोणी अडूनच बसलं, तर नऊ नंबरचा. तो कोणाचं ऐकत नाही, जागीच मारतो.

"त्याईले आवरायले वेळ द्या लागते, ताई."

काही अडलं की आमचे विभागप्रमुख सर म्हणायचे, "छोटी मॅडम को बुलाइए." तुम्हीच सांगा, छोटी आहे तर मोठीला कोणी का बोलवू नये? तिची वेणीसुद्धा मला खुपायची. फाईल शोधते असं दाखवत, तिच्या पाठीमागे उभी राहून मी ती सिग्नलची कमांड पाठ केली.

एका दुपारी ती सुट्टीवर, अन् लाईट गेली. बॅटरी काही मिनिटांची. सर म्हणाले, "अब कौन रोकेगा?"

"मी आहे ना!" म्हटलं, अन् सगळ्या पोरांसमोर थेट नऊ नंबर सोडला, अख्ख्या गटाला. सोळाही पडद्यांवरचे आकडे जागीच थांबले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सहा दिवसांचं गणित अर्धवट फायलींत मेलं, हे लाईट आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सर गरजले, "कमांड किसने दी?" मी फाईल चाळू लागले. पडद्यावरच्या नोंदीत माझंच नाव होतं, अन् ते तिनं वाचलं.

"सर, मैं फिर से लगा देती हूँ," एवढंच बोलली. सर गेल्यावर मात्र वळली.

"ताई, शिकाचं होतं त मले काहून नाही विचारलं?"

"तुले विचारू? मी?"

"हौ. बसा इथं. मोजा, मोठ्यानं."

तिच्या खुर्चीत बसून मी शाळकरी पोरीसारखं दहापर्यंत मोजलं. डोळ्यांत पाणी आलं. चुकीपायी नव्हे हो, ही शिकवायलाही माझ्यापेक्षा चांगली निघाली म्हणून!

दोन वर्षांनी ती जबलपूरला गेली. सर मलाच बोलवू लागले. चार दिवस बरं वाटलं. मग तिचा फोन आला. तिथल्या एका वयस्कर बाईंना शिकवते आहे म्हणाली, फार मायाळू आहेत.

"तिलेबी ताईच म्हणतेस?"

"हौ," म्हणाली, अन् हसली. मी फोन ठेवून दिला.

किती वर्षं झाली. तुमच्यापैकी कोणाला भेटली तर सांगा, जबलपूरहून किरनापूरची वाट बालाघाटवरूनच जाते. मध्ये उतर म्हणावं. पण त्या ताईले संग आणू नको. एकटीच ये, अन् लवकर ये.